खाजगी बचाव

मी एस.टी.त वाहक आहे. लोक कंडक्टरबाई म्हणतात, कॉलेजची पोरं मॅडम म्हणतात, म्हाताऱ्या बाया नुसतं बाई म्हणतात. खाकी शर्ट, गळ्यातून तिरकी घेतलेली चामडी बॅग आणि हातात तिकिटाची मशीन. इतकी वर्षं हे सगळं अंगावर वागवल्यामुळे माझा डावा खांदा उजव्यापेक्षा थोडा खाली गेलाय. आमचे हे शेती पाहतात, सासूबाई घर पाहतात आणि मी रस्ता पाहते. त्या गाडीत जे घडलं, त्याआधी माझ्याविषयी सांगण्यासारखं एवढंच होतं.

लोणारहून सुलतानपूरमार्गे मेहकरला जाणारी सकाळची फेरी तेव्हा माझ्याकडे होती. पावसानं उघडीप दिली होती, सोयाबीन गुडघ्याला लागलं होतं आणि बाजाराचा दिवस असल्यामुळे गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. लोणारला एक माणूस चढला. चाळिशीच्या आतबाहेरचा, पांढरा शर्ट, हातात फवारणीचा नवा पंप. दारूचा वास नाही, तोंडात तंबाखूचा खर्राही नाही. तिकीट घेताना म्हणाला, ‘‘बाई, सुलतानपूरच्या पुढं आमच्या वावरापाशी उतरवून द्याल ना?’’

मी म्हटलं, ‘‘दादा, तिथी थांबा नाई. अन् रस्ता एका बाजूनं खोदून ठेवला हाय. गाडी उभी केली तर मागची सारी रांग अडते. पुढच्या गावी उतरा.’’

त्यानं तिकीट घेऊन खिशात घातलं. मी पुढं गेले.

त्याचं वावर आलं तेव्हा मी गाडीच्या मध्यावर होते. तो सीटवरून उठला आणि लोकांना ढकलत माझ्यापर्यंत आला. ‘‘घंटी मार,’’ म्हणाला. मी पुन्हा तेच सांगितलं. खिडकीतून त्याला स्वतःचं वावर मागं जाताना दिसत होतं, त्यामुळे त्याचा राग क्षणाक्षणाला वाढत गेला असावा. ‘‘तुया बापाची गाडी हाय काय?’’ म्हणून त्यानं माझ्या बॅगेचा पट्टा गळ्याजवळ धरला आणि हिसडला. नंतर कोर्टात यावर खूप बोलणं झालं, म्हणून इथं नीट सांगते. त्यानं पट्टा नुसता ओढला नाही, मुठीत घेऊन पिळला. माझी पाठ सीटच्या लोखंडी दांडीला टेकली. डावा हात दोन माणसांच्या मधे अडकला होता. घंटीची दोरी डोक्यावरच होती, पण तिथवर हात पोचत नव्हता. आवाज काढायला गेले तर घशातून आवाजच आला नाही. डोळ्यापुढं अंधारी आली आणि उजव्या हातात जे होतं ते मी त्याच्या तोंडावर मारलं. हातात मशीन होती.

पट्टा ढिला झाला. त्यानं तोंडावर हात ठेवला, बोटांमधून रक्त आलं, आणि त्यानं हात उघडला तर तळव्यावर दात होता. मग मागून कोणीतरी म्हणालं, ‘‘कंडक्टरबाईनं मारलं बे त्याले!’’ पट्ट्याचं कोणी काही बोललं नाही.

ड्रायव्हरदादांनी गाडी पुढच्या गावात घेतली. तो माणूस पंप घेऊन उतरला. जाता जाता माझ्याकडं बोट करून काहीतरी म्हणाला, पण दात गेल्यामुळे शब्द कळले नाहीत. दादा केबिनमधून मागं वळून म्हणाले, ‘‘ताई, ठाण्यात घेऊ काय गाडी?’’

गाडीत एक बाई तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन दवाखान्यात चालली होती. दोन पोरी परीक्षेला चालल्या होत्या, त्यांनी तेवढ्यात घड्याळ पाहून एकमेकींकडं पाहिलं. मी म्हटलं, ‘‘चला दादा. मेहकरला पोचवू आधी.’’ मशीनची काच तडकली होती तरी ती चालत होती. मी उरलेली तिकिटं फाडली आणि परतीची फेरीही केली.

दुपारी ठाण्यात गेले तर हवालदार म्हणाले, ‘‘बाई, तुमच्या नावाची तक्रार आधीच येऊन राह्यली.’’ तो माणूस गाडीतून उतरून थेट दवाखान्यात गेला होता आणि तिथून ठाण्यात. त्याच्याजवळ डॉक्टरचा दाखला होता, कागदाच्या पुडीत दात होता. हवालदारांनी माझीही तक्रार लिहून घेतली, वाईट वागले नाहीत. फक्त विचारलं, ‘‘तुमाले कुठी लागलं?’’ मी शर्टाची वरची गुंडी काढून मान दाखवली. त्यांनी पाहिलं, शेजारच्या महिला शिपाई बाईंना पाहायला लावलं. त्या म्हणाल्या, ‘‘थोडं लालसर वाटते. घामाचंही असू शकते.’’

दवाखान्यात डॉक्टरांनी लिहिलं की मानेवर ताजी जखम नाही, दाबल्यावर दुखतं असं सांगते. ते खोटं नव्हतं. मी गळा सोडवून घेतला होता, म्हणून गळ्यावर काही उरलं नव्हतं. सोडवून घेतला नसता तर दाखल्यात लिहिण्यासारखं खूप सापडलं असतं. त्या दिवशी मी बाकावर बसून हाच विचार करत राहिले आणि पुढची काही वर्षंही तोच करत राहिले.

घरी सासूबाईंना आधीच कळलं होतं. त्या चुलीपुढं बसल्या होत्या. मला रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, ‘‘तुले कायले मारा लागत होतं वं? थांबवून द्याची होती गाडी. एक घडीचं काम होतं.’’

मी म्हटलं, ‘‘आत्याबाई, त्यानं गळा धरला होता.’’

‘‘धरला अन् सोडला असता. बाईच्या जातीनं अशा वेळी कल्ला करावा. कल्ला केला का लोक धावतात.’’

हे म्हणाले, ‘‘तू मारलंच नाई म्हण. कोण पाह्यलं? गर्दीत लागलं म्हण.’’

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरदादा घरी आले. दादा माझ्यापेक्षा वयानं मोठे, निवृत्तीला आलेले. कधी आवाज चढवलेला मी ऐकला नाही. चहा घेऊन झाल्यावर ते हळूच म्हणाले, ‘‘ताई, मी सांगतो का ढोर आडवं आलं, मी ब्रेक मारला, अन् ब्रेकच्या झटक्यानं मशीन त्याच्या तोंडाले लागली. तुमी बी तेच सांगा. गोष्ट मिटून जाईन.’’

ह्यांना ते फारच पटलं. मलाही पटलं, खरंच सांगते. ब्रेकवर सगळं ढकललं की कोणी कोणाला मारलंच नव्हतं.

डेपोतून चौकशीचं पत्र आलं, त्यात लिहिलं होतं की ‘आपला बचाव लेखी सादर करावा’. तो शब्द वाचून मला कसंसंच झालं. आपल्याकडं पोरगं उशिरा घरी आलं आणि कारणं सांगू लागलं की आपण म्हणतो, ‘स्वतःचा बचाव करू नको.’ बचाव म्हणजे सबबी, चूक झाल्यावर अंग काढून घेणं. मी पत्र घेऊन बसले तेव्हा माझ्याही मनात तोच अर्थ होता. कोणती सबब लिहावी, ढोराची का गर्दीची, एवढाच प्रश्न होता.

ह्यांनी मेहकरच्या एका वकिलांकडं नेलं. वकीलसाहेबांना दमा होता. दोन वाक्यं बोलले की थांबून श्वास घ्यायचे, त्यामुळे त्यांचं बोलणं आपोआप समजण्याजोगं व्हायचं. मी त्यांना झालं ते सगळं सांगितलं, आणि ढोर-ब्रेकचंही सांगितलं. ते म्हणाले, ‘‘बाई, दात पडला म्हणजे कायद्यानं गंभीर दुखापत. हाड मोडलं तरी गंभीर, दात गेला तरी गंभीर. आता यातून निघायला वाटा दोन. एक म्हणजे, मी मारलंच नाही, अपघातानं लागलं. दुसरी, हो, मी मारलं, कारण तो माझा गळा आवळत होता. या दुसऱ्या वाटेला कायद्यात खाजगी बचावाचा हक्क म्हणतात.’’

‘‘खाजगी?’’ मी विचारलं. आमच्या तोंडी खाजगी म्हणजे खाजगी गाड्या, आमचे पॅसेंजर पळवणाऱ्या.

त्यांना हसू आलं आणि हसण्यानं खोकला आला. ‘‘खाजगी म्हणजे पोलीस तिथं नाहीत, सरकार तिथं नाही, तुमच्या शरीराला तुम्हीच वाचवायचं. तेवढ्या वेळापुरता कायदा तो हक्क तुमच्या हातात देतो. पण त्याला माप आहे. धोका असेल तोवरच, आणि धोक्याच्या मानानंच. अन् एक गोष्ट ध्यानात घ्या. हा बचाव घ्यायचा तर मारलं हे आधी कबूल करावं लागतं. एकीकडं ब्रेक अन् एकीकडं गळा, असं दोन्ही धरून नाही चालत.’’

हे म्हणाले, ‘‘साहेब, मंग ब्रेकच बरा.’’

वकीलसाहेब म्हणाले, ‘‘सोपा तोच आहे. तुमचा ड्रायव्हर साक्ष द्यायला तयार असेल अन् तुम्ही गळ्याची तक्रार मागं घेतली तर. फक्त त्याला कोर्टात शपथेवर खोटं बोलावं लागेल, अन् ब्रेक असा का मारला म्हणून डेपो त्यालाही विचारेल.’’

आम्ही परत निघालो. घराजवळ आल्यावर मी म्हटलं, ‘‘म्या मारलं असंच लिहिते.’’

‘‘काऊन? डोकं फिरलं काय तुयं?’’

मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. दादांची निवृत्ती तोंडावर होती, हे एक कारण होतंच. पण दुसरं जास्त मोठं होतं. ब्रेक लागला असं लिहिलं, तर त्या माणसानं काही केलंच नाही असा त्याचा अर्थ होत होता. माझा गळा कोणी धरलाच नाही. मग मी घरी येऊन पाणी गिळताना दुखत होतं ते काय होतं? दोन-तीन दिवस ह्यांनी माझ्याशी अबोला धरला. मी कागदावर लिहिलं, ‘त्याने माझा गळा आवळला, म्हणून मी हातातली मशीन त्याला मारली,’ आणि खाली सही केली.

डेपोतल्या चौकशीत साहेबांनी सभ्यपणे विचारलं, ‘‘आपण घंटी का दिली नाही? चालकाला आवाज का दिला नाही?’’ मी सांगितलं, हात पोचत नव्हता, आवाज निघत नव्हता. साहेबांनी ते लिहून घेतलं. शेवटी निकाल आला की कर्मचाऱ्याकडून अधिक संयम अपेक्षित होता, आणि काही काळ मला कार्यालयात बसवलं गेलं. खुर्चीवर बसून पास देण्याचं काम. पाठीला आराम पडला, पण तिथं येणारा प्रत्येक जण आधी माझ्याकडं आणि मग माझ्या हाताकडं बघायचा. कोणी म्हणायचं, ‘‘लय भारी केलं, मॅडम!’’ कोणी माझ्यासमोरच दुसऱ्याला म्हणायचं, ‘‘जपून बोल बे, दात पाडते बाई.’’ पहिल्यापहिल्यानं मी हसायची. नंतर हसायचाही कंटाळा आला.

कोर्टातलं लांबलं. तारीख लागायची, आम्ही जायचो, कधी साक्षीदार नसायचा, कधी वकील दुसऱ्या कोर्टात असायचे, पुढची तारीख मिळायची. रजा संपत चालल्या. माझ्या तक्रारीवरून त्याच्यावरही खटला होता, त्यामुळे एका तारखेला तो आरोपी आणि मी साक्षीदार, दुसऱ्या तारखेला मी आरोपी आणि तो साक्षीदार. कोर्टाच्या आवारात कडुलिंबाखाली सिमेंटचा एकच बाक होता. सुरुवातीला तो बाकावर असला तर मी उभी राहायची. पुढं पाय दुखू लागले तशी एका टोकाला बसू लागले. मग एकदा त्यानंच विचारलं, ‘‘मॅडम, तुमाले पुढची कोणती देल्ली?’’ मी सांगितली. त्यानं मोबाइलमध्ये लिहून घेतली.

त्यानं नवा दात बसवला होता. तो बाकीच्या दातांपेक्षा पांढरा दिसायचा. बोलताना त्याच्याकडं पाहायचं नाही असं ठरवूनही माझी नजर तिथंच जायची.

एका उन्हाळ्यात दुपारी आवारात आम्ही दोघंच होतो. तो पुढं पाहत म्हणाला, ‘‘म्या हात सोडला होता, मॅडम. तुमी मारलं तवा पट्टा माया हातात नव्हता.’’

‘‘माया डोळ्यापुढं अंधारी होती,’’ मी म्हटलं. ‘‘मले कसं दिसलं असतं?’’

‘‘मी काय जीव घेणार होतो काय? वावर चाललं होतं मागं, डोकं सरकलं. जीव कोण घेते एवढ्यासाठी?’’

‘‘ते तुमाले माहीत होतं. मले कसं माहीत?’’

त्यानं बाटलीतल्या पाण्याचा एक घोट घेतला. मग म्हणाला, ‘‘हाव, ते बी हाय.’’ शिपायानं त्याच्या नावाचा पुकारा केला आणि तो आत गेला. आत जाऊन त्यानं शपथेवर सांगितलं की त्यानं मला हातही लावला नव्हता. मला त्याचा राग यायला हवा होता. पण तो केस पिकू लागलेला, पाण्याची बाटली काखेत धरलेला माणूस पाहून मला नुसता थकवा आला. त्याच्या वकिलानंही त्याला सोपी वाट दाखवली असणार.

माझ्या बाजूनं बोलायला कोणी मिळत नव्हतं. ड्रायव्हरदादांची नजर रस्त्यावर होती, मागचं त्यांनी काही पाहिलं नव्हतं. गाडीतल्या ज्यांना ज्यांना आम्ही गाठलं, ते सगळे म्हणाले की ते खिडकीबाहेर पाहत होते. शेवटी सुलतानपूरची एक भाजीवाली बाई तयार झाली. त्या दिवशी ती कोथिंबिरीची टोपली घेऊन माझ्या अगदी समोर उभी होती. मला म्हणाली, ‘‘येईन मी. पण म्या जे पाह्यलं तेच सांगीन, बाई.’’ मी म्हटलं, तेवढंच पाहिजे.

साक्षीच्या दिवशी ती पदर सावरून उभी राहिली. तिनं सांगितलं की त्यानं पट्टा धरला, पिळला, बाईचे डोळे वर गेले. मला हायसं वाटलं. मग समोरच्या वकिलांनी विचारलं, ‘‘कंडक्टरनं मशीन मारली, त्या वेळी पट्टा त्याच्या हातात होता का?’’

तिनं विचार केला. तेवढ्यात मी तिच्याकडं अशी पाहत होते की तिला ते टोचलं असेल. ती म्हणाली, ‘‘मले वाटते, सोडला होता. सोडून राह्यला होता. ते दोन्ही एकाच टायमाले झालं.’’

‘‘म्हणजे सोडला होता?’’

‘‘हाव. सोडला असंल.’’

वकील खाली बसले. बाहेर आल्यावर मी तिच्याशी बोलले नाही. ती आपली टोपली घेऊन गाडीकडं निघून गेली. तिनं सांगितलं होतं तेच केलं होतं, आणि तरी ती नसती आली तर बरं झालं असतं असं मला कितीतरी दिवस वाटत राहिलं.

निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी मराठीत वाचलं. ते तरुण होते, फार हळू वाचत होते. मला कळलं तेवढं असं की मारल्याचं मी पहिल्यापासून कबूल केलं आहे आणि त्यात कधी बदल केलेला नाही. भाजीवाल्या बाईनं दोन्ही बाजूंचं सांगितलं, म्हणून तिचं बोलणं विश्वास ठेवण्याजोगं वाटतं. पट्टा त्या क्षणी सुटत असेल असं धरलं, तरी ज्याचा गळा आवळला गेलाय त्याच्याकडून पट्टा सुटला की नाही हे पाहून मग हात उचलायची अपेक्षा करता येत नाही. फटका एकच होता, हातात आहे त्यानं मारलेला, आणि पट्टा सुटल्यावर दुसरा मारलेला नाही. मला निर्दोष सोडलं.

वकीलसाहेब म्हणाले, ‘‘पेढे पाहिजेत.’’ हे पेढे आणायला गेले. मी त्याच बाकावर बसले. आनंद कधी येतो याची वाट पाहत होते. घरी जाऊन आधी अंघोळ करावी आणि भिंतीकडं तोंड करून झोपावं, एवढंच मनात येत होतं. भाजीवाल्या बाईला फोन लावला. ती म्हणाली, ‘‘सुटल्या ना? मंग झालं.’’ आणि मागं कोणाला तरी मेथीचा भाव सांगू लागली. मी तिची माफी मागणार होते, ते राहून गेलं.

त्याच्यावरचा खटला अजून चालू आहे. मला समन्स येतं, मी जाते.

परवा एका शाळेत मुलींसाठी स्वसंरक्षणाचं शिबिर होतं. मुख्याध्यापिका बाई आमच्या गाडीनं येतात, त्यांनी आग्रहानं बोलावलं. मैदानावर एक तरुण शिक्षक मुलींना मनगट सोडवायला, कोपर मारायला शिकवत होते. मुली ओरडत होत्या, हसत होत्या, फार छान दिसत होत्या. मग मला माइक दिला. मुख्याध्यापिका बाईंना वाटत होतं की मी काहीतरी शूरपणाचं बोलेन.

मी म्हटलं, ‘‘मारायची वेळ आली तर मारा. पण त्याच्यानंतर घरी जाऊ नका, कामावर जाऊ नका. आधी डॉक्टरला दाखवा, कुठं धरलं ते दाखवा, मग ठाण्यात जा. अन् कोणी म्हणालं का मारलंच नाही म्हण, तर लवकर हो म्हणू नका. विचार करा.’’

मुलींना यात फारसं काही वाटलं नाही. पुढं बसलेल्या दोघी बोटांची नखं पाहत होत्या. शेवटी मागून एक मुलगी उठली. तिनं विचारलं, ‘‘मॅडम, तुमाले भेव नाई वाटलं काय?’’

‘‘वाटलं,’’ मी म्हटलं. ‘‘अजून वाटते. गर्दीत कोणी मागून येऊन टेकलं का मी पट्टा हातात धरते.’’

ती खाली बसली. टाळ्या झाल्या. मुख्याध्यापिका बाईंनी मला गुलाबाचं फूल दिलं आणि चहा घेऊन जायचा आग्रह केला. पण दुपारच्या फेरीला माझी ड्युटी होती, म्हणून मी चहा न घेताच निघाले.